ढालकड्यावरचा दोर

ती बॅटरी बंद करा आधी. चांदणं पडलंय चांगलं, आणि डोळ्यावर उजेड आला की माझं डोकं फिरतं. हां. आता बसा नीट. घोंगडी घ्या पायावर, देवळाची फरशी गार हाय. उद्या ढालकड्यावर जायचं म्हणता न्हवं, कोरीव खोली बघायला? जा की. मी कोण अडवणारा. पण दोर कुणाच्या हाती देणार, ते ठरवलंय का? न्हाई ना. हसतंय बघा ते टोपीवालं. हसून घे बाबा, रात लांब हाय अजून.

ही ऐकीव गोष्ट न्हवं. भोरच्या जहांगीरनं मला स्वतःच्या तोंडानं सांगितलीय, ह्याच पायरीवर बसून. जहांगीरकडं तवा जुनी ट्रॅक्स जीप व्हती. शाळेची पोरं, लग्नाचं वऱ्हाड, दुधाचे कॅन, मिळंल ते वाहायचा. पण शनिवार-रविवार आला की तुमच्यासारखी गडावर हिंडणारी माणसं त्याच्या गाडीत. राजगड म्हणा, तोरणा म्हणा, रायरेश्वर म्हणा, रस्ता कुठवर जातो आणि कुठल्या ओढ्यात चाक रुततं, सगळं त्याला पाठ. माणूस गरीब स्वभावाचा. कुणाच्या अध्यात न्हाई, मध्यात न्हाई.

साल नव्याण्णव. मार्गशीर्ष महिना, दत्तजयंतीची आदली रात. चंद्र जवळजवळ पुरा भरलेला. पुण्याच्या तीन पोरांना जहांगीरनं दोन दिवसांमागं हितं आणून सोडलं व्हतं. आता दिवस मावळला की त्यांना उचलायचं, शिवऱ्याच्या फाट्यावर न्यायचं आणि पुण्याच्या गाडीत बसवून द्यायचं, एवढंच काम. जमीलाला, म्हणजे त्याच्या बायकोला, सांगून आला व्हता की जेवायला घरी येतो म्हणून.

वाडीत आला तर चिटपाखरू न्हाई. आमी सगळी खाली गुंजवण्याच्या अंगाला एका हळदीला गेलो व्हतो. पोरं अजून उतरली न्हवती. जहांगीरनं जीप वडाखाली लावली आणि चालत कुंडलिकच्या घरी गेला. कुंडलिकचं घर वाडीच्या पार वरच्या टोकाला, एकटं. पोरांना कडा दाखवायला तोच गेला व्हता.

आता हा कुंडलिक कोण, ते ऐका. कड्यावरचं आग्या मोहोळ काढणारा गडी. आमच्या वाडीत चार घरं त्या धंद्याची. घायपाताच्या वाखाच्या दोराला लोंबकळायचं, धूर करायचा, मोहोळ कापायचं. आणि ह्या धंद्याची एक रीत हाय. वर दोर धरणारा माणूस बायकोचा भाऊच पायजे. सख्खा भाऊ न्हाई चालत. सख्ख्या भावाच्या मनात जमिनीची वाटणी असती. बापाचे हात थकलेले असतात. मेव्हणा मात्र दोर सोडायचा न्हाई, कारण सोडला तर बहिणीचं कुंकू जातं.

आणि नुसता धरत न्हाई. उतरायच्या आधी मेव्हणा विचारतो, "माझी बहीण कशी हाय?" दोरावरचा म्हणतो, "बरी हाय." मग मेव्हणा म्हणतो, "उतर." तवाच दोर ढिला व्हतो. ही काय चेष्टा न्हवं. कड्याच्या तोंडावर उभा राहून खोटं बोलायला छाती लागती.

कुंडलिकला ती छाती व्हती. बायको ठकुबाई, कष्टाळू, तोंडातनं शब्द काढायची न्हाई. तिला हा गुरासारखा मारायचा. एकदा हात मोडला, एकदा बरगडी. आणि तिच्या भावाला, सावळारामला, दोरावर उभा राहून सांगायचा, बरी हाय. सावळाराम पलीकडच्या खोऱ्यात राहायचा, त्याला काय दिसणार. शेवटी एकदा दिसलं. ठकुबाईचा सुजलेला डोळा बघून तो तसाच कड्यावर गेला, कुंडलिकला जाब विचारायला. दोघं वर गेले. खाली एकटा कुंडलिक आला. पाय घसरला म्हणाला. पंचनामा झाला, माती झाली. वाडीत सगळ्यांना ठाऊक व्हतं घसरला का ढकलला, पण बघितलं व्हतं कुणी? मी पण गप बसलो. तवापासनं कुंडलिक दोराला लागला न्हवता. धरायला कोण उरलं व्हतं?

तर जहांगीर त्या घरापाशी आला. दाराला बाहेरनं कुलूप. माघारी वळणार, तवर आतनं कण्हल्याचा आवाज आला. दाराशेजारी गजाची खिडकी हाय, तिच्यातनं त्यानं डोकावलं. ठकुबाई चुलीपाशी भिंतीला टेकून बसली व्हती. एका हातानं डोकं दाबून धरलेलं, बोटांमधनं रक्त गळतंय, कान, मान, चोळी, सगळं लाल.

"वहिनी, काय झालं हे?"

"पडले."

पडली म्हणं. शेजारी कुऱ्हाड पडलेली, आणि तिच्या तुंब्याला, पात्याच्या मागल्या बोथट अंगाला, केस चिकटलेले.

जहांगीरनं जीपमधली टॉमी, चाक खोलायची लोखंडी पहार, आणली आणि कुलपात घातली. तशी ती आतनं म्हणाली, "मोडू नको भाऊ. मोडकं कुलूप बघितलं तर परका माणूस घरात घेतला म्हणून उभी चिरंल मला. चावी त्याच्या करगोट्याला हाय. मागून आण. तवर मी कळ काढते."

तुमी म्हणाल, मोडायचं की. हितं बसून म्हणायला काय जातंय तुमचं. तिनं हात जोडले. जोडायला डोक्यावरचा हात काढला, तशी रक्ताची धार लागली गालावरनं. जहांगीरला एवढं कळलं की आज रातच्याला भोरच्या दवाखान्यात नेली तर ही बाई जगंल, सकाळपर्यंत राहिली तर न्हाई. त्यानं टॉमी तितंच टाकली आणि कड्याची वाट धरली.

ती वाट तुमाला उद्या कळंल. आधी कारवीचं रान, मग घळ, मग नुसता काळा कातळ. कातळात जुन्या पावठ्या खोदलेल्या, पाऊल अर्धंच मावतं. एका बाजूला भिंत आणि एका बाजूला काय न्हाई. माथ्यावर पडका तट, पाण्याचं टाकं, आणि कड्याच्या पोटात, सात-आठ पुरुष खाली, ती कोरीव खोली. कुणी कोरली ठाऊक न्हाई. आमच्याकडं ठाऊक नसलं की पांडवांच्या नावावर घालतात. खांब हायत, बसायचे ओटे हायत. वरनं जायला वाट न्हाई, खालनं न्हाई. दोरानंच जायचं.

जहांगीर धापा टाकत वर पोचला तवा चंद्र चांगला वर आला व्हता. पोरं सामान आवरत व्हती. दुपारी दोघं खोलीत उतरून फोटो काढून वर आली व्हती आणि कॅमेऱ्याची बॅग खालीच राहिली व्हती. कुंडलिक मधी एकदा घरी जाऊन आला व्हता, आता तटावर बसलेला, प्यालेला, खुशीत.

"बॅग मी आणतो," तो म्हणत व्हता. "मला तुमच्या त्या लोखंडी कड्या नकोत. नुसता दोर द्या."

"राहू दे हो काका, सकाळी काढून ठेवा, नंतर नेऊ," चष्मेवाला पोरगा म्हणाला.

जहांगीर सरळ त्याच्यापुढं गेला. "कुंडलिकभाऊ, चावी दे. वहिनीचं डोकं फुटलंय. दवाखान्यात न्यायला पायजे."

कुंडलिकचं हसू तोंडावरच राहिलं. "तू माझ्या घरात गेला व्हतास?"

"खिडकीतनं बघितलं. रक्त थांबत न्हाई. चावी दे, हात जोडतो."

कुंडलिकनं सदरा वर केला. करगोट्याला चावी व्हती. बोटानं तिला टिचकी मारली. "चावी पायजे? मग दोर धर. दणकट हायस तू. बॅग घेऊन वर आलो की देतो. तिची काळजी नको करू, तिला सवय हाय."

जहांगीर मला म्हणाला, तवा माझ्या मनात आलं की ह्याला असाच लोटावा आणि चावी काढून घ्यावी. खरंच आलं म्हणाला. पण तसला माणूस न्हाई तो. त्यानं दोर हातात घेतला. लवकर उतर, लवकर ये, एवढंच बोलला.

तटाचा एक उभा दगड हाय तितं. दोराचा एक वेढा त्या दगडाला, पुढं जहांगीर, त्याच्या मागं तिघं पोरं. उरलेला दोर मागं टाक्याच्या सावलीत पडलेला. नायलॉनचा दोर, नवाकोरा, गुळगुळीत. कुंडलिकनं कमरेला गाठ मारली आणि कड्याच्या तोंडावर पाठमोरा उभा राहिला. कुणी काय विचारलं न्हाई. विचारणार कोण? पोरांना रीत ठाऊक न्हवती, जहांगीर भोरचा. कुंडलिक क्षणभर थांबला. सवय असती ना अंगाला. मग स्वतःशीच हसला आणि उतरला.

गेला खाली सरसर. खोलीत पोचला, हाक दिली. बॅग बांधली, पोरांनी वर ओढली. दोर परत सोडला. कुंडलिकनं गाठ मारली. "ओढा," म्हणाला.

ओढायला लागले. थंडी अशी पडली व्हती की दोर हाताला गार लागत व्हता. जहांगीरच्या मनात एकच, चावी. एवढा वर आला की चावी. अर्ध्यात आला असंल नसंल, तवर मागनं कुणीतरी बोललं.

"माझी बहीण कशी हाय?"

आवाज मोठा न्हवता. घरात विचारावं तसा.

जहांगीरला वाटलं पोरांपैकी कुणी. त्यानं मान वळवली. तिघंही एकमेकांकडं बघत व्हती. शेवटचा पोरगा, चष्मेवाला, त्यानं हळूच मागं बघितलं. आणि परत पुढं बघितलं. त्याच्या मागं टाक्याच्या सावलीत पडलेला दोर आता पडलेला न्हवता. ताठ झाला व्हता. सरळ अंधारात गेलेला, ताठ.

खालनं कुंडलिक हसला. "कोण रं चेष्टा करतंय?"

पोरांनी दोर आणखी घट्ट धरला.

"माझी बहीण कशी हाय?"

आता कुंडलिक हसला न्हाई. वारा न्हवता. पार खालचं रातकिड्यांचं ओरडणं ऐकू येत व्हतं. मग ते पण थांबलं.

"बरी... बरी हाय," कुंडलिक म्हणाला.

दोर सुटला. सगळा न्हाई, दोन हात. सुटला आणि थांबला. खाली कुंडलिक कातळावर आपटला. थप्प. पिकलेला फणस पडावा तसा आवाज आला. मग त्याची किंकाळी.

जहांगीरनं जीव खाऊन दोर धरला व्हता. पाय रोवले व्हते. पण धरणारे हे चौघं न्हवतेच. दोर त्यांच्या मुठीतनं जात व्हता आणि मुठीला कळत न्हवता.

"माझी बहीण कशी हाय?"

"बरी हाय म्हणलं ना..."

परत सुटला. परत थांबला. थप्प. आता किंकाळी न्हाई. नुसतं घशातनं काहीतरी. दात पडले असावेत, कारण पुढचं बोलणं बोबडं आलं. "ओढा... जहांगीरभाई... ओढ मला..."

"चावी फेक," जहांगीर ओरडला. "चावी वर फेक आधी. ती मरंल तिकडं."

खाली काय चाललं व्हतं दिसत न्हवतं. दोर हलत व्हता. नुसता हलत व्हता.

"माझी बहीण कशी हाय?"



मग कुंडलिक रडायला लागला. मोठा गडी, लेकरासारखा. "मारली... मारली रं तिला. कुऱ्हाडीच्या तुंब्यानं. घरात कोंडलीय. मरायला टाकलीय... सावळ्या, तुला पण म्याच ढकलला. म्याच. सोडू नको. पाया पडतो तुझ्या, सोडू नको..."



चष्मेवाल्याच्या मानेवर कुणाचातरी श्वास लागत व्हता. तो म्हणाला नंतर. गार न्हवता म्हणाला, गरम व्हता. दमलेल्या माणसाचा.

आणि मग तो आवाज आला. लई मायेनं.

"उतर."

दोर गेला. दगडाचा वेढा फिरला, दोर चौघांच्या हातातनं सळसळत गेला, शेपूट सुद्धा गेली कड्यावरनं. कुंडलिक ओरडला न्हाई. कातळावर एकदा आवाज झाला. मग खाली झाडीत एकदा. मग काय न्हाई...

...

काय रं, टोपी का काढली? बस. संपलं न्हाई अजून.

एक पोरगा तितंच वकला. दोघं खाली बसली. जहांगीर उभा. चावी गेली व्हती कुंडलिकबरोबर, दरीत. ती शोधायला सकाळ उजाडायला पायजे आणि सकाळपर्यंत ठकुबाई राहत न्हवती. भ्यायला पण त्याला सवड न्हवती बघा. "हितनं हलू नका," पोरांना म्हणाला, आणि सुटला खाली. पावठ्यांवरनं बसून घसरला, गुडघे फुटले, कारवीनं तोंड ओरबाडलं. अल्लाचं नाव घेत व्हता आणि मधेमधे म्हणत व्हता, वहिनी, कळ काढा, कळ काढा.

घरापाशी आला. दाराला कुलूप तसंच. टॉमी टाकली व्हती तिथंच पडलेली. त्यानं ती उचलली, घातली कुलपात, आणि घालता घालता खिडकीतनं आत हाक मारली.

आत कोणी न्हवतं.

चुलीपाशी रक्ताचं थारोळं. कुऱ्हाड. भिंतीला टेकलेल्या डोक्याचा ओला डाग. बाई न्हाई. त्यानं कुलूप तोडलं तरी, आत गेला, पाटीखाली, पोत्यांमागं, सगळीकडं बघितलं. मागं दार न्हाई त्या घराला. खिडकीचे गज शाबूत. कौलं शाबूत.

बाहेर येऊन पडवीत बसला आणि रडला. आपण कुलूप मोडलं असतं तर, हे त्याच्या मनात आलं, आणि ते अजून येतं.

मग काय करणार. जीपकडं निघाला, हळदीच्या घरनं माणसं आणावीत म्हणून. वडाखाली आला, दार उघडलं. मागच्या सीटवर ठकुबाई आडवी व्हती. पदर डोक्याला घट्ट आवळून बांधलेला. रक्त थांबलेलं. श्वास चाललेला, बारीक, पण चाललेला.

जहांगीरनं विचार केला न्हाई. जीप मारली ती थेट भोरला. नसरापूर, चेलाडी, कापूरहोळ, कुठं ब्रेक लावला न्हाई म्हणतो. डॉक्टर म्हणाले, अजून थोडा उशीर झाला असता तर हाताला लागली नसती.

वाचली. ठकुबाई वाचली. आता किकवीला असती, हायवेच्या कडंला भाजी विकती, बोलती पण चांगलं चार शब्द. जाता-येता थांबा, वांगी घ्या तिच्याकडनं.

पोलिस आले सकाळी. कुंडलिकला पाटीत गोळा करून आणावा लागला, जास्त काय सांगत न्हाई, तुमी जेवलाय आत्ताच. फौजदारानं चौघांना उभं करून तळहात बघितले. एवढा गडी दोरावरनं सुटला म्हणजे धरणाऱ्याची कातडी सोलून निघाली पायजे. कुणाच्या हातावर साधा ओरखडा न्हवता. फौजदारानं जहांगीरचे हात परत उलटेसुलटे करून बघितले. मग अपघात म्हणून लिहिलं.

त्या रातच्याला दवाखान्यात जमीला बसली व्हती ठकुबाईजवळ. रक्ताचं लुगडं बदलायला तीच व्हती. तिनं दुसऱ्या दिवशी जहांगीरला सांगितलं, आणि जहांगीरनं मला. ठकुबाईच्या अंगावर मारल्याच्या खुणा लई व्हत्या, जुन्या, नव्या, निळ्या, काळ्या. पण दोन खुणा निराळ्या. एक उजव्या खांद्याखाली, एक गुडघ्याच्या वर. निजलेल्या लेकराला दोन्ही हातांवर उचललं की हात जिथं येतात, तिथं. दोन पंजे. मोठ्या माणसाचे, पाची बोटं उमटलेली. आणि दोन्ही तळव्यांच्या मधोमध, आडवा, वाखाच्या दोराचा पीळ. पीळ न् पीळ मोजून घ्यावा असा, भाजल्यासारखा.

जमीलानं तिला विचारलं, कुणी उचललं गं तुला? ठकुबाई म्हणाली, मी डोळे मिटून घेतले व्हते.

महिन्याभरात माराचे वळ सगळे गेले. ते दोन पंजे अजून हायत.